क्रोमियम कुठे गेलं?

चुंबक नळीला चिकटला आणि आजोबांचा पारा चढला.

“तो चिकटूच शकत नाही,” ते म्हणाले.

“पण चिकटलाय.”

“चिकटू शकत नाही म्हणून एकदा सांगितलं ना! आणि कॅन्टीनच्या फ्रिजवरचा चुंबक प्रयोगशाळेत आणायला तुला सांगितलं कोणी?”

दुर्वाने नळीचा तुकडा उलटा धरून गदागदा हलवला. चुंबक ढिम्म. आता यात तिचा काय दोष? पण गेले आठ दिवस हे असंच चाललं होतं. सहावीची परीक्षा संपली आणि आईने तिला जत तालुक्यातल्या या माळरानावर, शिंगणदऱ्याच्या ऊर्जाकेंद्रात आजोबांकडे पाठवून दिलं. म्हणे, विज्ञान शिकशील. विज्ञान राहिलं बाजूला, इथे ‘हात लावू नकोस’ आणि ‘हे तर उघड आहे’ ही दोनच वाक्यं तिला शिकायला मिळाली होती.

डॉ. पद्माकर ठोंबरे हे धातूंचे मोठे शास्त्रज्ञ होते, याबद्दल कोणाला शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की त्यांना कधी न वैतागता बोलता येतं का. केंद्रात नऊ हजार आरसे होते. ते दिवसभर ऊन एका मनोऱ्यावर फेकत आणि मनोऱ्यात मीठ वितळत असे. हे आपलं स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम या तीन धातूंचा फ्लोरिन नावाच्या वायूशी संयोग झाला की जे क्षार (धातू आणि वायू जुळून झालेले मिठासारखे पदार्थ) होतात, त्यांचं मिश्रण. थंड असताना पांढरी भुकटी, आणि सातशे अंशांना पाण्यासारखं पातळ. दिवसा उन्हाची उष्णता साठवायची आणि सूर्य मावळला की तिच्यावर वीज तयार करायची, असं त्याचं काम.

पण असलं जळतं मीठ वाहून न्यायला तशाच दमाच्या नळ्या हव्यात. आजोबांनी आयुष्यातली एकोणीस वर्षं घालून त्यासाठी एक मिश्रधातू (दोन किंवा जास्त धातू एकत्र वितळवून केलेला धातू) बनवला होता. त्याचं नाव ‘ठोंबरे-सतरा’. आधीचे सोळा फसले होते.

“नीट ऐक,” आजोबा म्हणाले. “या मिश्रधातूत सगळ्यात जास्त आहे निकेल. नुसत्या निकेलला चुंबक चिकटतो. पण त्यात पुरेसं क्रोमियम मिसळलं की चिकटत नाही. माझ्या धातूत शंभरात पंधरा भाग क्रोमियम आहे. म्हणून तो चिकटू शकत नाही. हे तर उघड आहे.”

“मग क्रोमियम गेलं असेल,” दुर्वा म्हणाली.

ती सहज बोलून गेली होती. पण आजोबा एकदम पुढे झाले. त्यांनी तिच्या हातातून नळी घेतली. बाहेरच्या बाजूने चुंबक लावला, तो घसरून खाली पडला. आतल्या बाजूने लावला, तो चिकटला. नळी आतून अगदी नवी, चकचकीत दिसत होती. आजोबांनी टेबलावरची टोचणी घेऊन तो चकचकीत भाग खरवडला. तो भुसभुशीत होऊन सुटला.

आजोबा खुर्चीत बसले. “गेलं,” ते म्हणाले. “याही नळीचं गेलं.”

ही नळी म्हणजे चाचणीच्या वळशाचा तुकडा होता. वळसा म्हणजे दाराच्या चौकटीएवढं, चारी बाजूंनी बंद असलेलं नळीचं कडं. त्यात मीठ भरायचं, एक बाजू तापवायची, दुसरी जरा थंड ठेवायची, आणि महिनोन्महिने ते मीठ आत फिरत ठेवायचं. नळी टिकली तर धातू पास. हा तिसरा वळसा होता आणि तो आज सकाळीच कापून उघडला होता. दुपारी चार वाजता ऊर्जा मंडळाची बैठक होती. ‘ठोंबरे-सतरा’ची पाइपलाइन टाकायची की तो धातू कायमचा बाद करायचा, हे आज ठरणार होतं. दुसरा वळसा आधीच गळला होता. तिसराही गेला, तर एकोणीस वर्षांवर पाणी फिरणार होतं.

“नेटके!” आजोबा ओरडले.

कोपऱ्यातला रोबो चाकांवर पुढे आला. प्रयोगशाळेतलं सगळं जागच्या जागी ठेवायचं काम त्याचं, म्हणून त्याला नेटके म्हणत.

“मंडळाला पत्र लिही. ठोंबरे-सतरा हा मिश्रधातू अयशस्वी ठरला आहे. काम थांबवावं. खाली माझं नाव.”

दुर्वाला धक्काच बसला. आणि धक्क्यामागोमाग रागही आला. हाच माणूस तिला काल गणित चुकलं म्हणून अर्धा तास बोलला होता, उत्तर नव्हे तर रीत तपासून पाहा म्हणाला होता.

“एवढ्यात? अहो, क्रोमियम का गेलं, ते तरी बघा!”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“नाही कळत. सांगा मग!”

ती इतक्या जोरात बोलली की नेटकेने हातातला पाना खाली ठेवला. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना शिकवायला मनापासून आवडत असे, फक्त शिकणाऱ्याने प्रश्न विचारलेले आवडत नसत.

“स्टीलचं भांडं गंजत नाही. का?” त्यांनी विचारलं.

“स्टील आहे म्हणून.”

“हे उत्तर झालं? त्यात क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन त्या क्रोमियमशी जुळतो आणि भांड्यावर एक अतिशय पातळ थर धरतो, दुधावर साय धरते तसा. त्या सायीखाली धातू सुरक्षित. ती खरवडली तर पुन्हा धरते. पण आमच्या या तापलेल्या फ्लोराइड मिठात काय होतं, तर ती साय विरघळून जाते. धातू उघडा पडतो.”

“म्हणजे मीठ धातूला खातं?”

“नाही! सगळे इथेच चुकतात.” आजोबा आता उठून फळ्यापाशी गेले होते. “प्रत्येक धातूला फ्लोरिन हवा असतो, पण हाव सारखी नसते. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांची हाव सगळ्यात मोठी. त्यांनी एकदा फ्लोरिन धरला की सुटका नाही. क्रोमियमची हाव मधली. निकेलची अगदी कमी. आता सांग, शुद्ध मिठात सगळा फ्लोरिन पहिल्या तिघांनी घट्ट धरून ठेवलेला आहे. क्रोमियमला काय मिळेल?”

दुर्वाने विचार केला. “काहीच नाही.”

“जवळजवळ काहीच नाही. म्हणून ते नळीत मुकाट बसून राहतं. राहायला हवं! पण मिठात ओलावा शिरला तर? पाण्यात असतो हायड्रोजन. तो एवढ्या उष्णतेत मिठातला थोडा फ्लोरिन फोडून आपल्याकडे घेतो. त्याचं होतं हायड्रोजन फ्लोराइड, एक जहाल आम्ल. पण हायड्रोजनची पकड ढिली. क्रोमियम त्याच्याकडून फ्लोरिन हिसकावून घेतं आणि मिठात विरघळून निघून जातं. याला म्हणतात क्षरण (धातू हळूहळू झिजत, विरत जाणं). पृष्ठभागावरचं क्रोमियम गेलं की आतलं क्रोमियम मोकळ्या जागेकडे सरकतं, मग तेही जातं. मागे उरतं निकेल आणि पोकळ्या. वरून चकचकीत, आतून भुसभुशीत.”

“आणि निकेल उरलं म्हणून चुंबक चिकटतो.” दुर्वाला एकदम सगळं दिसलं आणि बरं वाटलं. “मग ओलावाच शिरला असणार!”

“ओलावा?” आजोबांचा आवाज पुन्हा चढला. “माझ्या प्रयोगशाळेत? मीठ तीन दिवस भाजून वाळवतो आम्ही. मग भरणपात्रात (वळशात मीठ सोडायच्या भांड्यात) घालतो आणि अरगॉन वायूखाली बंद करतो. अरगॉन कशाशीच जुळत नाही आणि तो पूर्ण कोरडा असतो. पावसाळ्यात इथे चपलासुद्धा ओल्या आणू देत नाही मी कोणाला! नाही, दोष धातूतच आहे. पत्र पाठव, नेटके.”

“थांब, नेटके,” दुर्वा म्हणाली. “पहिल्या वळशाचं काय झालं होतं?”

“पहिला वळसा,” नेटके म्हणाला, “शके एकोणीसशे ऐंशी, फाल्गुन वद्य षष्ठी, बुधवार, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी भरला.”

“तारीख नको रे, काय झालं ते सांग!”

“भरण्यापूर्वी सकाळी आठ वाजता भरणपात्र तपासले. आठ वाजून पाच मिनिटांनी—”

दुर्वाने कपाळावर हात मारून घेतला. नेटकेला मधूनच सुरुवात करता येत नसे. एकदा आजोबा त्याच्यावर ‘तारीख नीट सांग, पंचांगातली तिथीसुद्धा सांग, सगळं पहिल्यापासून सांग’ म्हणून खेकसले होते. तेव्हापासून तो काहीही विचारलं की पहिल्यापासून सांगे. सात मिनिटांनी कळलं ते असं, की पहिला वळसा चौदा महिने चालला आणि शेवटपर्यंत ठणठणीत होता.

तिने कपाटातून पहिल्या वळशाचा तुकडा काढायला लावला. आतून चुंबक लावला. तो टणकन फरशीवर पडला.

“आजोबा, हाही ठोंबरे-सतराच आहे ना?”

“हो.”

“मीठ तेच? उष्णता तीच?”

“हो, हो. पहिला नशिबाने टिकला, असं मंडळ म्हणतं.”

“आणि तुम्ही ऐकून घेतलंत? नशिबाने?”

दुर्वा नेटकेकडे वळली. दुसरा आणि तिसरा वळसा कधी भरला, असं तिने विचारलं आणि आता किती वेळ जाणार या विचाराने आधीच हाश्श हुश्श करत स्टुलावर बसली.

“दुसऱ्या वळशाचे भरणपात्र शके एकोणीसशे ब्याऐंशी, आश्विन शुद्ध नवमी रोजी तयार झाले, आणि दशमीला मीठ भरले. तिसऱ्या वळशाचे भरणपात्र शके एकोणीसशे त्र्याऐंशी, आश्विन शुद्ध नवमी रोजी तयार झाले, आणि—”

“थांब. दोन्ही वेळा नवमी?”

“खंडेनवमी ती,” आजोबा म्हणाले. “दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा करतात. चांगला दिवस असतो. माझे वडील मिरजेच्या एका कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला पाने, कानशी, लेथ, सगळं धुऊन पुसून मांडायचे. फुलं वाहायचे. त्या दिवशी एकाही अवजाराला कामाला लावायचं नाही. वर्षभर राबतात बिचारी. पहिल्या वळशाच्या वेळी मंडळाची घाई होती, म्हणून तो फाल्गुनात भरला. पुढचे दोन मात्र मी रीतसर सुरू केले.”

“म्हणजे नवमीला भरणपात्राची पूजा केलीत?”

“अर्थात. ते मुख्य अवजार.”

“आणि मीठ आत होतं?”

“होतं. अगं, पण झाकण...” आजोबा मध्येच थांबले.

“फोटो उपलब्ध आहे,” नेटके म्हणाला.

“मग इतका वेळ गप्प का होतास?” आजोबा आणि दुर्वा एकदमच ओरडले.

“फोटोबद्दल कोणी विचारले नाही.”

भिंतीवरच्या पडद्यावर फोटो आला. टेबलावर पाने, मोजपट्ट्या, वजनाचा काटा, सगळं ओळीने मांडलेलं. प्रत्येकावर हळदकुंकू. मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेला कलश, त्यावर आंब्याची पानं. कलशाला लागून भरणपात्र, त्याचं झाकण काढून शेजारी ठेवलेलं, आणि आतल्या पांढऱ्या मिठावर एक टपोरं झेंडूचं फूल. मागे आजोबा हसत उभे होते. दुर्वाने त्यांना आठ दिवसांत असं हसताना पाहिलं नव्हतं.

“झाकण कोणी काढलं?” तिने विचारलं.

“मी,” आजोबा अगदी हळू म्हणाले. “पूजा करायची ती झाकणाची थोडीच करायची, असं वाटलं.”

“आणि त्या दिवशी अवजारांना हात लावायचा नाही. म्हणजे रात्रभर ते तसंच?”

“सकाळपर्यंत. तासभर गरम केलं होतं मी नंतर, अरगॉनखाली. वाटलं, तेवढ्याने कोरडं होईल.” त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. “नाही होत. पोटॅशियम फ्लोराइड हवेतला ओलावा अधाशासारखा ओढून घेतं. पावसाळ्यानंतरची हवा ती, दमट. आणि एकदा पाणी त्यात शिरलं की गरम केल्यावर सगळं उडून जात नाही, थोडं मिठाशीच भिडतं आणि आम्ल तयार करतं. मी हे विद्यार्थ्यांना शिकवतो, दुर्वा. तीस वर्षं शिकवतोय!”

दुर्वाला त्यांची दया आली आणि चीडही आली. चपला कोरड्या करून या म्हणून जगाला ओरडणारा माणूस स्वतः पाण्याच्या कलशाशेजारी मीठ उघडं ठेवून झोपायला गेला होता. तेही दोनदा. पण दुसरी गोष्ट तिच्या लगेच लक्षात आली आणि ती स्टुलावरून उडीच मारून उठली.

“अहो, म्हणजे धातू चांगला आहे! ते पत्र फाडा!”

पावणेचार वाजले होते.

आनंदाने नाचायचं सोडून आजोबा खोलीत येरझारा घालू लागले. मंडळाला काय सांगायचं? ठोंबरे सरांनी झेंडूचं फूल वाहिलं म्हणून नळी गेली? अध्यक्षा मंगरुळकर बाई काय म्हणतील? दहा केंद्रांचे शास्त्रज्ञ ऐकत असणार, त्यातले निम्मे त्यांचेच विद्यार्थी. दुर्वा ऐकून ऐकून कंटाळली. सकाळी एकोणीस वर्षं फेकून द्यायला हा माणूस तयार होता, आणि आता ती वाचवायची तर एक वाक्य बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

चार वाजता पडद्यावर चेहरे उमटले. आजोबांनी घसा साफ केला. तिसऱ्या वळशाचं क्रोमियम गेल्याचं त्यांनी सांगितलं. तसे चेहरे पडले. मग ते म्हणाले, “मात्र दोष धातूचा नसावा. साठवणीच्या काळात काही कारणाने मिठात ओलावा शिरला असण्याची शक्यता—”

“काही कारणाने?” मंगरुळकर बाईंनी विचारलं. “ठोंबरे सर, असं आपण दोन वर्षं ऐकतोय. दर वेळी शक्यताच. कारण माहीत नसेल तर मी पाइपलाइनला परवानगी देऊ शकत नाही.”

आजोबा कागदांची चाळवाचाळव करू लागले. दुर्वा कॅमेऱ्याच्या बाहेर, त्यांच्या डाव्या हाताला बसली होती. तिला ओरडावंसं वाटत होतं. तिने फक्त पहिल्या वळशाचा तुकडा आणि चुंबक त्यांच्या पुढ्यात सरकवला. आजोबांनी त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“कारण माहीत आहे,” ते म्हणाले. “मीठ मी उघडं ठेवलं. खंडेनवमीच्या पूजेला झाकण मी स्वतः काढलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दोन्ही वर्षी. धातू नापास झालेला नाही. मी झालोय.”

आजोबांनी पहिल्या वळशाच्या तुकड्याला आतून चुंबक लावला, तो पडला. तिसऱ्याला लावला, तो चिकटला. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, अजिबात न वैतागता. पुढच्या वळशात झिर्कोनियम या धातूची एक छोटी कांडीही ठेवू, असं ते म्हणाले. फ्लोरिनची तिची हाव क्रोमियमपेक्षा मोठी, त्यामुळे चुकून थोडा ओलावा राहिलाच, तर सुटलेला फ्लोरिन आधी ती घेईल आणि नळी वाचेल.

मंगरुळकर बाईंनी चौथ्या वळशाला वर्षभराची मुदत दिली. बैठक संपतच होती, तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातली एक चौकट उजळली. आत एक तरुण शास्त्रज्ञ होती. ती वऱ्हाडातल्या केंद्रावर होती आणि तिचं नाव रेवती डांगे.

“सर,” ती म्हणाली, “आमचाही वळसा तसाच गेला. आतून भुसभुशीत.”

“तुमचाही? कधी भरला होतात?”

“दसऱ्याला.” रेवती म्हणाली. “आम्हीही झाकण काढून पूजा करतो, सर. तुमच्या प्रयोगशाळेत शिकत होते तेव्हा तुम्हाला करताना पाहिलं होतं. तुम्ही करता म्हणजे ते चालतच असणार, असं आम्ही धरून चाललो. धातूच वाईट आहे असा अहवालही दिला मी आमच्या केंद्राला. आणि अकरा टन नळ्या... ठोंबरे-सतराच्या, कोऱ्या... त्या वितळवायला पाठवल्यात. ट्रक भरून उभे आहेत खाली.”

आजोबा खुर्ची मागे लोटून उभे राहिले.

“अगं मग इथे काय बसलीस?” त्यांनी इतक्या मोठ्याने आरोळी ठोकली की दुर्वाने कानांवर हात ठेवले. “धाव! थांबव ते ट्रक!”

रेवतीची चौकट रिकामी झाली. जिन्यावरून धडधड खाली उतरणारी तिची पावलं सगळ्या केंद्रांवर ऐकू येत होती. आजोबा पडद्याला नाक लावून उभे होते आणि आज पहिल्यांदाच त्यांच्या ओरडण्याचा दुर्वाला राग आला नव्हता. पाच मिनिटांनी रेवती परत आली. तिला धाप लागली होती. ट्रक फाटकातून बाहेर पडत होते आणि तिने ते अडवले होते. एक कोरी नळी तिने खांद्यावर टाकून सोबत आणली होती.